आधी दाखला, मग उड्डाण

गारगोटीहून आम्ही बोलतोय. धारा काढून, भांडी आवरून आता कुठं टेकला असाल, तर जरा आवाज मोठा करा. मागच्या बोलण्यात आम्ही बियाण्याची उगवण घरच्या घरी कशी तपासायची ते सांगितलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं, पुढच्या खेपेला विमानाविषयी बोलू. तेव्हा दोघीतिघींनी वाटेत गाठून विचारलं, "विमानाचं आणि आपलं काय गं नातं? आपण एसटीत उभ्यानं जाणाऱ्या बाया." नातं आहे. ते साडेतीन लाखांचं आहे, म्हणून आज नीट ऐका.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटाच्या बैठकीत ड्रोनचा विषय निघाला. वेदगंगेच्या काठचा ऊस तुम्हाला ठाऊकच आहे. डोक्याच्या वर गेला की आत शिरून फवारायला माणूस मिळत नाही. मिळाला तर पाठीवरचा पंप, वरून पडणारं औषध, पानांची कापरं आणि पायाखाली काय असेल ते सांगता येत नाही. तेवढ्यात एक विक्रेता आला. यंत्र घेऊनच आला होता. मळ्याच्या बांधावर ठेवलं, सहा पंखे फिरले आणि दहा लिटर पाणी घेऊन ते सरळ वर गेलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ मारल्यासारखं फवारून परत येऊन त्याच जागी बसलं. पोरं टाळ्या वाजवायला लागली. खरं सांगायचं तर आम्हीही वाजवल्या. किंमत साडेतीन लाख. बाहेर याच मापाचं यंत्र बॅटऱ्यांसकट कितीतरी महाग असतं, असं तोच सांगत होता.

आमच्या गटाच्या सचिव वहिनींना सगळ्या गोष्टींचा कागद बघायची सवय आहे. त्या म्हणाल्या, "याचा दाखला दाखवा." त्यानं पिशवीतून एक झेरॉक्स काढून दिली. वरती सरकारी शिक्का, खाली सही. वहिनींनी कागदावरचं मॉडेलचं नाव वाचलं आणि उठून यंत्राच्या पोटाखालची चिकटपट्टी वाचून आल्या. दोन्हीकडं वेगळी नावं. विचारल्यावर तो हसून म्हणाला, "अहो वहिनी, तुम्हाला औषध फवारायचंय की कागद?"

त्या दिवशी व्यवहार झाला नाही. पण आमच्यात दोन तट पडले. काही जणी म्हणाल्या, यंत्र डोळ्यांदेखत उडलं की, आता कागदानं काय व्हायचंय? त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. म्हणून आम्ही ठरवलं की हा दाखला म्हणजे नक्की काय, तो कोण देतं आणि का देतं ते आधी समजून घ्यायचं. शोधता शोधता आम्ही थेट विमानापर्यंत जाऊन पोचलो, कारण ड्रोनचा कायदा विमानाच्याच घराण्यातला आहे. कागदोपत्री ड्रोन म्हणजे माणूस न बसणारं विमान.

विमानाचे दाखले समजायला बियाण्याच्या पिशवीइतकं सोपं उदाहरण नाही. कृषी विद्यापीठ एखादी नवी जात काढतं. तिच्या चाचण्या होतात, मग ती जात अधिसूचित होते, म्हणजे सरकार म्हणतं की ही जात पेरायला योग्य आहे. तो जातीचा दाखला. पण तुम्ही दुकानातून आणलेली पिशवी त्याच जातीची आहे का, उगवेल का, हे वेगळं तपासावं लागतं. ते तपासल्याची खूण म्हणजे पिशवीला शिवलेला निळा टॅग, प्रमाणित बियाण्याचा. जात चांगली असूनही पिशवी खराब निघू शकते, हे आपल्यातल्या कितीतरी जणींनी दुबार पेरणी करून शिकलंय.

विमानाचंही तसंच आहे. आपल्या देशात हे काम डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय बघतं. त्यांचं मुख्य कार्यालय दिल्लीत सफदरजंग विमानतळासमोर आहे. विमानाचा नमुना, त्याचा आराखडा मान्य झाला की टाइप सर्टिफिकेट मिळतं. हा जातीचा दाखला. मग त्या नमुन्याबरहुकूम बांधलेल्या प्रत्येक विमानाला स्वतःचा उड्डाणयोग्यतेचा दाखला लागतो, त्याला सर्टिफिकेट ऑफ एअरवर्दीनेस म्हणतात. हा पिशवीचा टॅग. शिवाय नोंदणी असतेच. भारतातल्या प्रत्येक विमानाच्या अंगावर व्हीटी ही दोन अक्षरं आणि पुढं आणखी तीन अक्षरं असतात. ती त्याची नंबरप्लेट. नंबरप्लेट असली म्हणजे गाडी रस्त्यावर आणायच्या लायकीची आहे असं होत नाही, तसंच इथंही.

हे तीन कागद वेगवेगळे आहेत, हे महाराष्ट्राला ज्या माणसामुळं कळलं त्याची गोष्ट आता सांगतो.

कॅप्टन अमोल यादव. मूळचे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले, राहायला मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये. व्यवसायानं वैमानिक. १९९८ पासून त्यांच्या डोक्यात होतं की आपलं विमान आपण बांधायचं. आधीचे प्रयत्न आकाशापर्यंत पोचले नाहीत. मग त्यांनी सहा माणसं बसतील असं विमान बांधायला घेतलं, तेही राहत्या इमारतीच्या गच्चीवर. आपण गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे घालतो. या माणसानं तिथं विमान घातलं होतं. सुटे भाग वर चढवायचे, तिथंच जोडायचे, पावसाळ्यात झाकून ठेवायचे. हे वर्षानुवर्षं चाललं. एकत्र कुटुंब पाठीशी होतं. घरच्या माणसांनी हे कसं सोसलं असेल याची कल्पना आपल्यासारख्या बायकांनाच येईल.

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत मेक इन इंडियाचं मोठं प्रदर्शन भरलं. त्यात हे विमान ठेवण्यासाठी ते सुटं करून गच्चीवरून खाली उतरवावं लागलं. लोकांनी गर्दी केली, वर्तमानपत्रांत फोटो आले. पण विमान उडू शकत नव्हतं, कारण त्याची नोंदणीच झालेली नव्हती. हौशी माणसानं स्वतः बांधलेल्या विमानाला कोणता नियम लावायचा, यावर घोडं अडलं होतं. राज्य सरकारनं मनावर घेतलं, दिल्लीपर्यंत विषय गेला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये नोंदणी झाली. विमानाला व्हीटी-एनएमडी ही अक्षरं मिळाली. झालं, आता उडणार, असं सगळ्यांना वाटलं. पण ती नुसती नंबरप्लेट होती. चाचणीसाठी उडवायची परवानगी मिळायला २०१९ उजाडलं आणि पुढच्या चाचण्यांसाठी धुळ्याच्या धावपट्टीचा आधार घ्यावा लागला. ही परवानगीसुद्धा तात्पुरती आणि अटींची असते. चाचणी घ्या, पण तिकीट फाडून प्रवासी बसवू नका. तशी विमानं बांधून विकायची म्हटली, तर टाइप सर्टिफिकेटचा डोंगर पुढं उभाच असतो.

या गोष्टीवर आमच्यात भांडण झालं, तेही सांगून टाकतो. एक गट म्हणाला, एवढा हुशार माणूस, पण कागदांनी त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. दुसरा म्हणाला, आकाशातून खाली पडलं तर ते कुणाच्या तरी घरावर पडणार, मग नको का तपासायला? आम्हाला विचाराल तर दोन्ही खरं आहे. तपासणी कडक असावी, पण नियम कोणता ते तरी माणसाला पहिल्या दिवशी कळायला हवं. अमेरिकेत घरी विमान बांधणाऱ्यांसाठी वेगळी वाट ठेवलीय. विमानाचं निम्म्याहून जास्त काम स्वतः केलेलं असलं, म्हणजे तिथं ज्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात, तर त्यावर 'प्रायोगिक' असं ठळक लिहायचं आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत स्वतः उडवायचं. आपल्या घरगुती लोणच्यासारखं. घरी खा, पाहुण्यांना द्या, पण बाजारात विकायला नेलं की अन्न परवान्याचा नंबर लागणार.

बरं, टाइप सर्टिफिकेट द्यायच्या आधी तपासतात तरी काय? आम्हाला सगळ्यात आवडली ती पंखाची परीक्षा. समजा एक छोटं विमान आहे, प्रवासी आणि इंधनासकट एक हजार किलोचं. साध्या वापराच्या छोट्या विमानाच्या पंखांनी त्याच्या वजनाच्या ३.८ पट भार सोसावा असं माप ठरलेलं आहे. वारा उसळला, विमान गपकन वळलं की पंखांवर वजनाच्या कितीतरी पट ओढ येते, म्हणून एवढं. म्हणजे ३,८०० किलो भार टाकला तरी पंख कायमचा वाकता कामा नये. त्यावर आणखी दीडपट, म्हणजे ५,७०० किलो भार टाकायचा आणि निदान तीन सेकंद तरी पंख तुटता कामा नये. छोट्या विमानांच्या बाबतीत हे बघायला चक्क वाळूच्या किंवा शिशाच्या छर्ऱ्यांच्या पिशव्या पंखांवर रचतात. पंख वरच्या बाजूला वाकतो म्हणून विमान उलटं टांगतात किंवा पंख उलटा बसवतात आणि पिशव्या मोजून ठेवत जातात. आपण उसाची ट्रॉली भरताना 'अजून दोन मोळ्या बसतील की' म्हणतो, तसा अंदाजाचा कारभार तिथं नाही.

दुसरी एक अट आहे वेगाची. एकच इंजिन असलेलं छोटं विमान हळू करत नेलं, तर ताशी साधारण ११३ किलोमीटरपर्यंत ते तोल न सोडता उडत राहिलं पाहिजे, असं जुन्या अमेरिकन नियमात होतं. का? तर इंजिन बंद पडलं की विमान कुठल्या तरी शेतातच उतरवावं लागणार, आणि जेवढ्या कमी वेगानं टेकेल तेवढा आतला माणूस वाचायची आशा जास्त. नियम लिहिणाऱ्यानं शेत डोळ्यांपुढं ठेवलं होतं, हे वाचून आम्हाला बरं वाटलं.

अशा शेकडो परीक्षा असतात, म्हणून वर्षं लागतात. बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेनं, म्हणजे सरकारच्याच संस्थेनं, हंसा नावाचं दोन माणसांचं शिकाऊ विमान बनवलं. ते १९९३ मध्ये पहिल्यांदा उडलं आणि त्याला टाइप सर्टिफिकेट मिळालं २००० मध्ये. सरकारी प्रयोगशाळेला सात वर्षं, मग गच्चीवरच्या माणसाचं काय घेऊन बसलात!

आणि दाखला एकदा मिळाला म्हणजे कायमचा, असं नाही. प्रत्येक विमानाची दरवर्षी पुन्हा तपासणी होऊन तसा कागद मिळतो. प्रत्येक दुरुस्तीनंतर परवानाधारक इंजिनिअर वहीत सही करतो. ती वही विमानाबरोबर जन्मभर असते. आमच्यातल्या एकीला हे ऐकून बाळाच्या लसीकरणाचं कार्ड आठवलं.

आता सुट्या भागांविषयी. इथं जरा थांबून ऐका, कारण आपली फसवणूक जास्त इथंच होते.

कुकरचं उदाहरण घ्या. कुकर चांगल्या कंपनीचा, आयएसआय खुणेचा. चार वर्षांनी त्याचा व्हॉल्व्ह गेला. बाजारात तसाच दिसणारा व्हॉल्व्ह दहा रुपयांना मिळतो, कंपनीचा जास्त पैशांना. दिसायला दोन्ही सारखे. पण आतली वाफ वाढली की वितळून वाफ सोडायचं काम त्या एवढ्याशा धातूचं असतं. तो ठरलेल्या तापमानाला वितळला नाही, तर कुकरवरची आयएसआय खूण काय कामाची?

विमानात असाच प्रकार घडला आणि त्यात ५५ माणसं गेली. ८ सप्टेंबर १९८९ चा दिवस. नॉर्वेतलं एक विमान ओस्लोहून जर्मनीतल्या हॅम्बुर्गला निघालं होतं. डेन्मार्कजवळच्या समुद्रावर ते आकाशातच मोडलं आणि कुणीही वाचलं नाही. तपासात निघालं की शेपटाचा उभा भाग जखडून ठेवणारे काही बोल्ट नकली होते. दिसायला अस्सलसारखेच, पण धातू पाहिजे तेवढा कडक नव्हता. ते झिजले, शेपूट थरथरायला लागलं आणि शेवटी तुटलं. विमान जुनं होतं, पण त्याचा नमुना मान्यताप्राप्त होता, त्याच्यापाशी दाखलाही होता. दाखला नव्हता तो बोल्टांपाशी.

म्हणून विमानाच्या प्रत्येक भागाबरोबर एक कागद येतो. आपल्याकडं त्याला सीए फॉर्म १ म्हणतात. भाग कुणी बनवला, कोणत्या मान्य आराखड्याप्रमाणं, कुणी तपासला, सगळं त्यावर लिहिलेलं असतं. हा कागद नसला तर भाग कितीही चकचकीत असो, इंजिनिअर तो बसवत नाही. आता कागदही नकली करणारे निघालेच आहेत. २०२३ मध्ये उघडकीस आलं की लंडनची एक कंपनी खोटे दाखले जोडून इंजिनांचे सुटे भाग विकत होती. शंभरावर इंजिनांत ते पोचले होते. ते सापडले कसे? एका कंपनीनं हातातला कागद थेट मूळ उत्पादकाला दाखवून विचारलं, हा तुम्हीच दिलाय का? तो म्हणाला, नाही. एवढ्यावरून धागा सुटला. आमच्या सचिव वहिनींनी कागदावरचं नाव यंत्राशी ताडून बघितलं, त्याच जातीचं हे काम.

ज्यांच्या घरची माणसं गोकुळ शिरगावला किंवा शिरोलीला फाउंड्रीत कामाला आहेत, त्यांना घरी विचारा हीट नंबर म्हणजे काय. भट्टीतून एका वेळी निघालेल्या धातूला एक नंबर देतात आणि तो कास्टिंगवर उमटवतात. उद्या तुकडा तडकला तर त्या नंबरावरून कोणत्या दिवशीची भट्टी, रसात काय मिसळलं होतं, सगळं मागं जाऊन शोधता येतं. कोल्हापूरच्या कारागिराला हे नवं नाही. छत्रपती राजाराम महाराजांनी १९३९ मध्ये उजळाईवाडीला विमानतळ केला, तेव्हापासून विमानाचंही आपल्याला अप्रूप नाही.

आता परत बांधावर येऊ. ड्रोनला यातलं काय लागू?

२०२१ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं ड्रोन नियम आणले. त्याआधीच्या नियमांत ड्रोनलाही बरेच कागद लागायचे, प्रत्येक यंत्राचा वेगळा उड्डाणयोग्यतेचा दाखलासुद्धा. नव्या नियमांनी तो काढून टाकला, पण टाइप सर्टिफिकेट ठेवलं. म्हणजे बियाण्याच्या भाषेत, जातीची मान्यता लागते आणि प्रत्येक पिशवीची नोंद लागते. कंपनीनं आपल्या मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडं द्यायचा. तिथं परीक्षा होतात, अहवाल जातो आणि दाखला डीजीसीए देतं. तो दाखला कंपनीला सगळ्यासाठी मिळून मिळत नाही, त्या एका मॉडेलला मिळतो. त्याच कंपनीचं दुसरं मॉडेल असेल तर त्याचा दाखला वेगळा. आमच्या विक्रेत्याची लबाडी नेमकी इथं होती. कागद खरा असेलही, पण तो दुसऱ्याच यंत्राचा होता.

दुसरा कागद म्हणजे यूआयएन, तुमच्या हातातल्या त्या एका ड्रोनचा ओळख क्रमांक. आपल्या आधारसारखा. तो यंत्राच्या आतल्या मेंदूच्या, म्हणजे फ्लाइट कंट्रोलरच्या, आणि हातातल्या रिमोटच्या सिरियल नंबराशी बांधलेला असतो. म्हणून दुरुस्तीवाला "मेंदू बदलून देतो, स्वस्तात पडेल" म्हणाला, तर तो बदल पोर्टलवर नोंदवल्याशिवाय उडवायचं नाही. जुनं यंत्र दुसऱ्या गटाकडून घेतलंत तर नाव बदलून घ्यायचं, अगदी दुचाकीसारखं. आणि टाइप सर्टिफिकेट नसलेल्या मॉडेलला यूआयएन मिळत नाही. यूआयएन नसलेलं यंत्र उडवणं बेकायदा. नियमभंगाला एक लाखापर्यंत दंड आहे. वर अपघात झाला तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. तेव्हा ते साडेतीन लाखांचं यंत्र आम्हाला साडेतीन लाखांतच पडलं असतं, असं नाही.

वजनाचंही एक गणित आहे. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, दोन ते पंचवीस किलो स्मॉल, पुढं दीडशे किलोपर्यंत मीडियम. लग्नात फोटो काढतो तो छोटा वेगळा. आपला फवारणीचा दहा लिटरचा ड्रोन औषध भरून बहुतेक पंचवीसच्या आत बसवलेला असतो, म्हणजे स्मॉल. विक्रेत्यानं हौसेनं मोठी टाकी लावून दिली आणि वजन पंचवीसच्या वर गेलं, तर यंत्राचा वर्गच बदलतो आणि जुना दाखला त्याला लागू राहत नाही. टाकी बदलणं म्हणजे पंखावर पिशव्या वाढवणं, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

चालवणारीलाही दाखला लागतो. त्याला रिमोट पायलट सर्टिफिकेट म्हणतात. वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेत प्रशिक्षण. दाखला दहा वर्षं चालतो. पासपोर्ट लागतो म्हणून पूर्वी अनेकजणी मागं सरायच्या. २०२३ मध्ये ती अट सैल झाली, सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो. पासष्टीच्या आत म्हटल्यावर आमच्यातल्या एका आक्कांनी लगेच दहावीचं सर्टिफिकेट शोधायला घेतलं. ते पुरात गेलंय, आता शाळेतून नक्कल काढायची खटपट चाललीय.

नमो ड्रोन दीदी योजनेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. बचत गटांना ड्रोन देण्याची ही केंद्राची योजना, २०२३-२४ ते २०२५-२६ या काळासाठी १,२६१ कोटींची. यात ड्रोन आणि बरोबरच्या साहित्याच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान ठरलं. उरलेल्यासाठी कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्ज आणि व्याजात ३ टक्के सवलत. गटातल्या एकीला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, त्यात पाच दिवस ड्रोन चालवण्याचं आणि दहा दिवस शेतीतल्या फवारणीचं. घरातल्या आणखी एकाला मदतनीस म्हणून दुरुस्तीचं शिक्षण. संचात जादा बॅटऱ्या, पंख्यांचे सुटे संच, वारा मोजायचं आणि पाण्याचा सामू मोजायचं साधन, एक वर्षाचा विमा आणि दोन वर्षांचा देखभालीचा करार धरलेला आहे. आता तुमच्या गटाला ती मिळेल का, पुढं काय चाललंय, हे पंचायत समितीत उमेदच्या कक्षात आणि तालुका कृषी कार्यालयात जाऊन विचारायचं. गावात येणाऱ्या एजंटाला नाही. कर्ज गटाच्या नावावर असतं, फेडायचं आपल्याला असतं. म्हणून योजनेतला ड्रोन असो की स्वतःचा, आम्ही सांगतोय तेवढं बघाच.

व्यवहाराच्या आधी टाइप सर्टिफिकेटचा नंबर लिहून घ्या. मान्य झालेल्या मॉडेलांची यादी सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावर आहे. घरातल्या कॉलेजच्या पोरीला मोबाईलवर उघडायला सांगा आणि कंपनी, मॉडेल आणि वजन, तिन्ही यंत्रावरच्या पट्टीशी जुळवा. एक जरी जुळलं नाही तरी विसार देऊ नका. त्याच संकेतस्थळावर नकाशा आहे, हिरवा, पिवळा, लाल. हिरव्या भागात १२० मीटर उंचीपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या आसपास बारा किलोमीटरपर्यंत निर्बंध असतात. आपला भुदरगड तालुका उजळाईवाडीपासून त्याच्या बराच पलीकडं आहे, पण करवीर तालुक्यातल्या मैत्रिणींनी फवारणीचं काम घेताना नकाशा बघूनच होकार द्यावा. नकाशा बदलतही असतो.

सुट्या भागांचं विमानासारखंच. पंख्याच्या पात्याला नखाएवढी खाच पडली तरी ते पातं बदलायचं, फेव्हिक्विक लावायचं नाही. जोडीचं पातं त्याच मापाचं, त्याच कंपनीचं. बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्जिंगला लावायची नाही, घरात ठेवायची नाही. या बॅटऱ्या पेटल्या तर पाण्याच्या बादलीनं आवरत नाहीत. चार्जिंग अंथरुणापासून, वैरणीपासून लांब आणि माणूस जागा असताना. किती वेळ उडवलं, कुठं आदळलं, काय बदललं, पावती कुठं, हे एका वहीत तारखेनं लिहायचं. गटाचे हिशेब लिहिणारीकडंच ती वही द्या, तिचं अक्षर चांगलं असतं.

आणि एक गोष्ट दाखल्यात लिहिलेली नसते. आपलं पाटगाव मधाचं गाव म्हणून नावाजलंय. ड्रोनचं औषध पाण्यात कमी आणि दाट असतं, थेंब बारीक असतात, वाऱ्यानं लांब जातात. सकाळी मधमाश्या फुलांवर असताना पेट्यांच्या जवळ फवारलं तर एका फेरीत कुणाच्या तरी वर्षाचा मध जाईल. फुलोऱ्यात शक्यतो टाळा, फवारायचंच असेल तर संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर फवारा. शेजारच्या मधपाळाला आदल्या दिवशी निरोप द्या, म्हणजे तो पेट्यांची दारं बंद करेल. विहीर, पाणंद, जनावरांचा गोठा यांच्यापासून अंतर ठेवा. औषधही ड्रोननं फवारायला मान्यता असलेलंच घ्या. पाठीच्या पंपाचं माप ड्रोनला लावू नका, ते कृषी सहायकाला विचारून ठरवा.

आमच्या गटाचं काय झालं म्हणाल, तर अजून ड्रोन आलेला नाही. आम्ही तीन कंपन्यांना पत्रं लिहिली आणि टाइप सर्टिफिकेटचा नंबर, दुरुस्तीचं जवळचं केंद्र आणि सुट्या पात्यांची किंमत एवढंच विचारलं. दोघांची उत्तरं आली. त्यातल्या एकाचा नंबर यादीशी जुळला, दुसऱ्याच्या मॉडेलचं वजन जुळत नाही, म्हणून त्याला परत विचारलंय. तिसऱ्यानं फक्त रंगीत माहितीपत्रक पाठवलं. तो पहिला विक्रेता मात्र अजून फोन करतो. परवा म्हणाला, "वहिनी, तीन लाखांत देतो." सचिव वहिनी म्हणाल्या, "मॉडेलचं नाव आणि नंबर मेसेज करा." मेसेजची आम्ही वाट बघतोय.